वेळेआधी उभी राहिलेली काठी

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावात देवाची काठी उभी राहिली. काठी ज्या वाटेने डोंगरावरच्या देवळाकडे जाते, त्या वाटेवरून पवनचक्क्यांची वीज वाहून नेणारी उच्चदाबाची वाहिनी जाते. ती वाहिनी त्या दिवशी सव्वाअकराला बंद होणार होती. मधल्या वेळात काय करायचे, याची तयारी कोणीही केलेली नव्हती. सगळ्यांनी तयारी केली होती ती काठी उशिरा निघाली तर काय करायचे याची.

मी तेव्हा साताऱ्यात, पवनचक्क्यांच्या विजेचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या एका कार्यालयात काम करत होते. त्याआधी सांगलीतल्या एका दैनिकात उपसंपादक होते. त्या दैनिकाची सांगली आवृत्ती बंद झाली. मुलाखतीत आमच्या शिफ्ट प्रमुखांनी विजेबद्दल काहीच विचारले नाही. ते पाटणकडचे. त्यांनी विचारले, "पान किती वाजता सुटायचं?" मी वेळ सांगितली. "आणि नाही सुटलं तर?" मी म्हटले, "गाडी निघून जायची." ते म्हणाले, "इथं पण तेच. फक्त इथं दिवसाला शहाण्णव गाड्या."

काम असे होते. पूर्वी वीज एकच मंडळ तयार करायचे, तेच वाहून न्यायचे आणि तेच विकायचे. आता तयार करणारा एक, तारांचा मालक दुसरा आणि विकत घेणारा तिसरा. रस्ता सामाईक, माल ज्याचा त्याचा. पठारावरच्या पवनचक्कीची वीज मिरजेजवळच्या फौंड्रीला हवी असेल, तर आदल्या दिवशी सांगावे लागते : उद्या किती वाजता किती वीज तारेत घालणार आणि ती कोण उचलणार. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केलेले असतात. त्यांना सगळे ब्लॉक म्हणतात. दिवसाचे असे शहाण्णव ब्लॉक. प्रत्येकाचा आकडा आधी द्यायचा आणि नंतर तो पाळायचा. वारा आकडा पाळत नाही, म्हणून दिवसभर दुरुस्त्या पाठवायच्या. दुरुस्ती लगेच लागू होत नाही, मधले काही ब्लॉक जुन्याच आकड्यावर जातात. छपाई सुरू झालेल्या पानातली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारावी, तसे. हे सगळे मुंबईकडच्या भार प्रेषण केंद्राच्या परवानगीने चालते. कोणत्या तारेतून कधी किती वीज जाईल आणि कोणती तार कधी बंद ठेवायची, हे ते केंद्र ठरवते.

त्या गावावरून जाणारी वाहिनी नवी होती. आदल्या वर्षीच्या यात्रेनंतर ती सुरू झाली. दोन टॉवरच्या मध्ये तारा जिथे सर्वांत खाली झुकतात, नेमकी तिथूनच देवाची वाट जाते. काठी कळकाची, दुमजली घरापेक्षा उंच, अंगभर कापड गुंडाळलेली आणि शेंड्याला मोरपिसांचा तुरा. एवढ्या दाबाच्या तारेला काठी लागायचीही गरज नसते. जवळ गेली तरी पुरे.

गावकऱ्यांनी नेहमीप्रमाणे वायरमनला सांगितले, "यात्रेदिवशी लाईन पाड." वायरमन म्हणाला, "गल्लीतली पाडतो. डोंगराकडची माझ्या हातातली न्हाई. तिला मुंबईला इचारावं लागतं." यावर गाव एक संध्याकाळ हसले. दुसऱ्या दिवशी वायरमनने पवनचक्कीच्या साइटवर फोन केला, साइटवरून तो आमच्या कार्यालयात आला, आणि यात्रेच्या तीन आठवडे आधी मी त्या गावात गेले.

बैठक पारावर झाली. शिफ्ट प्रमुख साताऱ्याहून फोनवर होते. फोन मी पाराच्या कट्ट्यावर मोठ्या आवाजात ठेवला होता. त्यांनी सुरुवातीलाच विचारले, "काठी तेवढ्यापुरती तिरकी करून नेली तर?"

देवाचा पुजारी फोनकडे बघून म्हणाला, "सायेब, लग्नात नवरदेवाला आडवा करून नेत्यात का वो?"

हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

त्या वर्षीचा मानकरी पाराच्या कडेला ताठ बसला होता. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्याचे घराणे पूर्वी वर्षातले आठ महिने मेंढरांमागे असायचे; आता थोडी शेती, थोडी मेंढरे आणि घरटी एक फौजी. काठीचा मान त्यांच्या भावकीतल्या अकरा घरांत फिरतो, वर्षाला एक घर. याच्या घराची मागची पाळी आली तेव्हा हा उत्तरेत सरहद्दीवर होता आणि रजा मिळाली नाही. काठी चुलतभावाने नेली. त्याआधीची पाळी वडिलांची होती. म्हणजे याने स्वतः काठी कधीच नेलेली नव्हती. मी विचारले, पुढची पाळी कधी. तो म्हणाला, "येईल की अकरा वर्सांनी. पर तवा मी काठी धरनार न्हाई, काठीच मला धरंल."

मानाचा नियम त्याने एका दमात सांगितला. काठी गावातून उचलायची मानकऱ्याने आणि देवळाच्या पायरीला टेकवायची मानकऱ्याने. मध्ये भावकीने हात दिला तरी चालतो. पण एकदा उभी राहिलेली काठी देवाला भेटायच्या आधी आडवी झाली, की त्या घराचा त्या वर्षीचा मान संपला. पाळी पुढच्या घराकडे गेली. परत येताना मात्र तीच काठी आडवी आणतात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

अडचण कौलाची होती. काठी देवाच्या परवानगीशिवाय उभी राहत नाही. गावातही देवाचे एक देऊळ आहे; तिथल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पुजारी ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली की होकार. यात्रेदिवशी देवाला आधी गावाचे बाकीचे प्रश्न विचारतात : पाऊस, मेंढरांचा रोग, कोणाच्या विहिरीला पाणी लागेल. काठीचा प्रश्न शेवटी.

"कौल साधारण किती वाजता येतो?" शिफ्ट प्रमुखांनी विचारले.

"आला की येतो," पुजारी म्हणाला.

"तरी, साधारण?"

"जेवायच्या आदी. कवा कवा जेवल्यावर."

"कोण जेवल्यावर?"

"देव."

शिफ्ट प्रमुख म्हणाले, "वाऱ्याचा अंदाज बरा म्हणायचा."

त्यांनी तो अंदाजही वाऱ्यासारखाच बांधला. कोणत्या वर्षी काठी कधी निघाली, हे म्हाताऱ्यांना एकेकाला विचारले. उत्तरे जुळली नाहीत. दोन म्हाताऱ्यांत भांडण झाले. शेवटी सव्वाअकरा ते सव्वाएक ही वेळ ठरली. त्या वेळात वाहिनी बंद, पवनचक्क्या बंद, फौंड्रीला दुसरीकडची वीज. "पण वेळ पाळायची," शिफ्ट प्रमुखांनी तीनदा बजावले. "उशीर झाला की लाईन परत चालू. मग कौल येवो न येवो." मी ते आणखी दोनदा सांगितले. गावाने माना डोलावल्या. गावाने ते नीट ऐकले होते.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मी गावात पोहोचले आणि मानकऱ्याच्या घरी उतरले. सकाळी मी ओसरीवर चहा घेत होते. मानकरी अंगणात खुर्चीवर आरसा टेकवून दाढी करत होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. तेवढ्यात गावातल्या देवळाकडून ढोल सुरू झाले.

त्याची बायको चुलीपासून बाहेर आली. "आवं, ढोल कसला?"

"आरती असंल."

"आरतीला एवढं? बगा तरी."

गल्लीतून एक माणूस पळत आला. "कौल दिला! देवानं कौल दिला! काठी उभी करत्यात, चला!"

मानकऱ्याने वस्तरा ठेवला, काठीचा बुंधा बसवायचा खुंटीवरचा चामडी पट्टा कमरेला बांधला आणि तो निघाला. एक गाल स्वच्छ, दुसऱ्यावर पांढरा साबण. बायको मागून ओरडली, "आवं, तोंड तरी पुसा!" तोवर तो वळणावर गेला होता.

आम्ही चौकात पोहोचलो तेव्हा काठी त्याच्या पट्ट्यात बसलेली होती. चार बाजूंनी चार दोर ताणून माणसे उभी होती. त्या दोरांना तोरण्या म्हणतात. काठीचा तोल त्यांच्यावर असतो. ढोल वाजत होते, भंडारा उडत होता. पुजारी देवळाच्या दारात उभा होता. त्याच्या तोंडावर गोंधळ आणि समाधान दोन्ही होते.

"हे काय झालं?" मी विचारले.

"वेळ पाळा, वेळ पाळा म्हनला न्हवं तुमी? म्हनलं, आज काठीचं आदी इचारू, बाकीचं मागनं. आजून कळ्या नीट चिकटल्या बी न्हवत्या. उजवी टपकन खाली."

"थोडं थांबून विचारलं असतं तर?"

"मी इचारलं. त्यानं सांगितलं. आता त्याला थांब म्हनू व्हय?"

कोणीतरी निदान ढोलवाल्यांना थांबवायला हवे होते, यावर नंतर बरीच चर्चा झाली. पण कौल पडला की ढोल वाजतात आणि ढोल वाजले की काठी उभी राहते. मध्ये विचार करायला जागाच नसते.

मी साताऱ्याला फोन लावला. शिफ्ट प्रमुखांनी पहिलेच वाक्य टाकले, "किती उशीर?"

"उशीर नाही. उभी राहिली."

"कोण?"

"काठी."

"आत्ता?"

"आत्ता."

"मग तिला जरा आडवी..." ते थांबले. "हां. येत नाही." पाटणकडेही काठ्या निघतात. "मी बघतो. तुम्ही तिथून जे घडतंय तेवढंच सांगा."

वाहिनी लवकर बंद करायची तर तीन गोष्टी जुळायला हव्या होत्या. फौंड्रीची भट्टी चालू होती. तिला त्या वेळेपुरती वीज दुसरीकडून मिळायला हवी. ती विजेच्या बाजारातून घ्यायची, तर त्या वेळेची बोली बंद व्हायच्या आत लावायला हवी. आणि भार प्रेषण केंद्राने हो म्हणायला हवे. पहिल्या दोन गोष्टी शिफ्ट प्रमुखांनी वीस मिनिटांत जुळवल्या. फौंड्रीचा मॅनेजर आधी चिडला, मग कारण ऐकून म्हणाला, "बरं. पण प्रसाद पाठवा." बाजारातली बोली लागली.

तिसऱ्यासाठी त्यांनी मला फोनवर जोडून घेतले. केंद्रातला अधिकारी कार्यालयीन मराठीत बोलत होता.

"नियोजित वेळेआधी वाहिनी बंद करण्याचं कारण?"

"मिरवणूक अपेक्षेपेक्षा लवकर निघाली," मी म्हटले.

"मग ती थांबवून ठेवा. सव्वाअकरापर्यंत."

"काठी उभी आहे."

पलीकडचा आवाज बदलला. "उभी हाय?"

"हो."

"मंग न्हाई थांबवता यायची." तो माण तालुक्यातला निघाला. दहिवडीच्या अंगाला त्याचे गाव. "तोरण्या धरनारी मानसं जुनी हायेत का नवी?"

"जुनी."

"मंग निभावतील." एवढे बोलून तो पुन्हा कार्यालयीन झाला. शेजारच्या पठारावरची दुसरी वाहिनी पहाटेपासून दुरुस्तीसाठी बंद होती. ती चालू झाल्याशिवाय ही बंद करता येणार नव्हती. दोन्ही एकदम बंद पडल्या तर त्या भागातल्या उपकेंद्रांवर भार पडला असता. दुरुस्तीची माणसे साडेनऊला खाली उतरणार होती. "दहा वाजता देतो. दहाच्या आधी एक ब्लॉकसुद्धा नाही."

म्हणजे सव्वाअकराचे दहा झाले. गावाला अजून अडीच तास काठी उभी ठेवायची होती.

एकाच जागी काठी उभी ठेवणे चालत नाही. ती नाचवावी लागते. चौकात अर्धा तास नाचवून झाल्यावर चुलतभाव म्हणाला, "गल्लीतनं फिरवू या की. तेवढाच येळ जाईल." काठी एरवी चौकातून सरळ डोंगराकडे जाते. गल्ल्यांत ती कधीच जात नसे, कारण तिला वेळ नसे. वायरमनने गल्लीतली लाईन पाडली आणि काठी निघाली.

बायकांची धांदल उडाली. काठी दारात आली की मानकऱ्याच्या पायावर पाणी घालायचे असते, ओवाळायचे असते. घरोघरी अजून केर निघायचा होता. कोणी आंघोळीच्या बंबातले कढत पाणी आणले. मानकरी ओरडला, "आगं, पाय धुतीस का शिजवतीस?" एका म्हातारीच्या दारात काठी उभी राहिली, तेव्हा ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती नवे लुगडे नेसून. म्हणाली, "ह्या घरात लगीन हुन आले, तवापास्नं काठी दारात आली न्हवती. जुन्या लुगड्यात कशी येऊ?" तोवर तोरणीवाले घामाने भिजले होते.

आठनंतर वारा वाढला. चैत्रात सकाळी पठारावर एरवी वारा कमी असतो. आमच्या आदल्या दिवशीच्या आकड्यांतही तो कमीच होता. शिफ्ट प्रमुखांचा फोन आला, "पश्चिमेच्या रांगेतले पंखे एकदम चढलेत. तीन-चार मिनिटांत तुमच्याकडे येईल."

मी तोरणीवाल्यांतल्या सगळ्यात पुढच्याला सांगितले, "वारं येतंय."

तो हसला. "बाई, वारं काय एस्टी हाय व्हय, सांगून यायला?"

वारा आला. काठीचा तुरा पूर्वेला झुकला, मागचे दोर तटतटले, दोन माणसे फरफटत चार पावले पुढे आली. काठी सावरली. पुढच्याने दोराचा हाताभोवती आणखी एक वेढा दिला आणि मला विचारले, "आता पुढची कवा?"

त्यानंतर तासभर हेच चालले. पवनचक्क्यांची पश्चिमेची रांग गावापासून दूर आणि उंचावर आहे; वाऱ्याचा झोत आधी तिच्यावर आदळतो आणि मग गावात येतो. साताऱ्यातल्या पडद्यावर तो दिसला की शिफ्ट प्रमुख मला सांगत, मी तोरणीवाल्यांना, आणि ते पाय रोवून उभे राहत. दोनदा अंदाज चुकला. झोत गावाच्या बाजूने निघून गेला. तेव्हा चौघेही पाय रोवून वाट बघत राहिले आणि मग माझ्याकडे बघू लागले. पुढचा म्हणाला, "बाई, चुकली गाडी." दुपारपर्यंत गावात माझे नाव 'वाऱ्याच्या बाई' झाले होते.

नऊच्या सुमारास मानकऱ्याचा उजवा गुडघा थरथरू लागला. तो ते लपवत होता. पण पट्ट्यात काठी असली की गुडघ्याचा थरकाप तुऱ्यापर्यंत जातो आणि सगळ्या गावाला वर दिसतो. चुलतभाव, मागच्या पाळीला काठी नेलेला, शेजारी येऊन उभा राहिला.

"दे की रं जरा."

"गेल्या बारीला घेतलीस की."

"मागून घेतलीती व्हय? तू आला न्हाईस."

"रजा दिली न्हाई गड्या."

"मग मी काय करू? आता दे. पुढं चढ हाय. तिथं तू कुनाला देनार न्हाईस. धा मिंटं बस."

मानकऱ्याने बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, "द्या की. नियमात हाय न्हवं? का सरहद्दीवर बी एकटंच हुता?"

त्याने काठी दिली. काठी एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली तेव्हा चौघा तोरणीवाल्यांनी दोर घट्ट ताणून धरले. मानकरी एका ओट्यावर बसला. बायकोने गल्लीतल्या न्हाव्याला हाक मारली, आणि काठी समोर नाचत असताना त्याच्या राहिलेल्या गालाची दाढी पूर्ण झाली. साबण तोवर वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. न्हावी म्हणाला, "हवालदार, ह्यो गाल देवानं बघितला आसता तर कौल दिला नसता." दहा मिनिटांनी मानकऱ्याने काठी परत घेतली.

साडेनऊला काठी गावाबाहेर निघाली. पावणेदहाला ती वाहिनीच्या अलीकडे थांबली. तिथे वाहिनीच्या लोकांनी वाटेवर लाल निशाण लावले होते. दुसऱ्या पठारावरची माणसे उतरल्याचा आणि ती वाहिनी चालू झाल्याचा निरोप नऊ छप्पन्नला आला.

दहाला पवनचक्क्या थांबू लागल्या. एकामागून एक पाती मंद झाली आणि स्थिर झाली. गाव ते बघत होते. शेवटची चक्की थांबली तशी गर्दीतून आरोळी उठली, "पंखं थांबलं! चला!" ढोलांचा ताल चढला. पुढची माणसे निशाणापर्यंत गेली.

मी आडवी उभी राहिले. पंखे थांबले म्हणजे तार मेली असे नसते. वाहिनीचे दुसरे टोक उपकेंद्रात असते आणि तिकडून ती चालूच असते. दोन्ही टोके उघडायची, दोन्हीकडून तार जमिनीला जोडायची, आणि दोन्हीकडून तसा निरोप यायचा. तोवर वाहिनी चालू समजायची. दैनिकात आम्ही दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी सोडत नसू. इथेही नियम तोच होता.

"आजून किती?" कोणीतरी ओरडले. "तिकडं ऊन चढतंय!"

"दोन निरोप यायचे आहेत," मी म्हटले.

"आवं बाई, पंखं तर बंद हायेत!"

मानकरी निशाणापाशी काठी घेऊन उभा होता. चढ सुरू व्हायच्या आधीची सगळ्यात वाईट जागा ती. पायाखाली मुरूम, वर वारा. मागून एकजण म्हणाला, "हवालदार, चला की! इथं काय सरहद्द हाय व्हय?"

"तिथं बरं हुतं," मानकरी म्हणाला. "कोन मारतंय ते दिसायचं. हितं दिसत बी न्हाई. हुकूम आल्याबिगर पाऊल न्हाई."

त्याचे बघून पुढची माणसे मागे सरली. ढोलवाल्यांनी ताल उतरवला. चुलतभाव त्याच्या मागे जाऊन पाठीला पाठ लावून उभा राहिला. काठीला त्याने हात लावला नाही.

दहा वाजून चौदा मिनिटांनी उपकेंद्राकडचा निरोप आला : टोक उघडले, जमिनीला जोडले. मी तो मोठ्याने सांगितला. "एक," गर्दीतून आवाज आला. दुसऱ्या निरोपाला आठ मिनिटे लागली. त्या वेळात पुजाऱ्याने डोंगराकडे तोंड करून दोनदा हात जोडले आणि चार तोरणीवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याला विचारले, त्याच्या मेव्हण्याची म्हैस किती दूध देते. दहा बावीसला पवनचक्कीकडचा निरोप आला. वाहिनीच्या मुकादमाने तो स्वतःच्या फोनवर पुन्हा पडताळून पाहिला आणि लाल निशाण उपटले.

"व्हय?" मानकऱ्याने विचारले.

"हो," मी म्हटले.

काठी तारांखालून गेली तेव्हा ढोल थांबले होते. कोणी थांबवायला सांगितले नव्हते. तोरणीवाल्यांनी दोर आखूड धरले होते. तुरा आणि सर्वांत खालची तार यांच्यात किती अंतर होते ते खालून सांगता आले नसते. तुरा पलीकडे गेल्यावर पहिला ढोल वाजला. मागून येणाऱ्या बायकांतल्या एकीने टॉवरच्या पायालाही भंडारा लावला. मुकादम तिला काही बोलणार होता. मग त्यानेच कपाळ पुढे केले.

चढावर मानकरी तीनदा थांबला. तिन्ही वेळा चुलतभावाने हात पुढे केला आणि तिन्ही वेळा मानकऱ्याने मान हलवली. बायको शेजारून चालत होती. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "पायऱ्या दिसाय लागल्या बगा." त्याने वर पाहिले नाही. "तू बग," तो म्हणाला, "मी काठी बगतो."

काठी देवळाच्या पायरीला टेकली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. ती मानकऱ्याच्या पट्ट्यात होती. गावातून निघाल्यापासून ती आडवी झालेली नव्हती. वाटेवर कोणी उरले नसल्याचे मुकादमाने कळवल्यावर मी साताऱ्याला निरोप दिला : काठी पोहोचली. पावणेबाराला वाहिनी पुन्हा चालू झाली.